रंगाची काटकसर

चौकात सायकलस्वार नेमका कुठून जाणार हे वळणाऱ्या मोटारचालकाला आधीच दिसावे, म्हणून कोपनहेगनमध्ये सायकलच्या वाटेचा चौकातला तुकडा निळ्या रंगाने भरण्याची पद्धत पडली. या पद्धतीचा खरोखर किती उपयोग होतो, हे सोरेन येन्सन या डॅनिश संशोधकाने सिग्नल असलेल्या ६५ चौकांतील आधीच्या आणि नंतरच्या अपघातांची तुलना करून तपासले आणि २००८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या चौकांत असा एकच निळा पट्टा होता तेथे अपघात १० टक्क्यांनी घटले होते. जेथे दोन पट्टे होते तेथे ते २३ टक्क्यांनी वाढले होते, आणि जेथे चार पट्टे होते तेथे वाढ ६० टक्क्यांची होती. वाढलेले अपघात कोणत्या प्रकारचे होते, हे तर आकड्यांहूनही अधिक बोलके आहे. एका मोटारीवर मागून दुसरी मोटार आदळणे आणि लाल दिवा असताना चौकात शिरलेल्या मोटारीची आडव्या वाहनाशी टक्कर होणे, या दोन कारणांनी ती वाढ झाली होती. चालकाची नजर खाली, रंगांवर खिळली आणि वरचा दिवा व पुढची गाडी तिच्यातून निसटली, असा तर्क यावरून करता येतो.

रंगीत रस्त्यांच्या समर्थकांचे आणि विरोधकांचे बोलणे ऐकताना मला हे आकडे वारंवार आठवतात. समर्थक म्हणतात की शहरे करड्या रंगात बुडाली आहेत, त्यांना थोडा उल्हास द्या. विरोधक म्हणतात की रस्ता म्हणजे चित्रफलक नव्हे. या दोन्ही भूमिकांमध्ये रंगाच्या प्रमाणाचा विचार हरवलेला असतो. एका पट्ट्याने जे साधले ते चार पट्ट्यांनी उधळून लावले, कारण लक्ष वेधण्याची रंगाची ताकद आजूबाजूला रंग नसण्यावर उभी असते. डांबर आणि काँक्रीट यांचा करडेपणा हा म्हणूनच सर्वस्वी दोष नाही. रंगाला बोलता यावे म्हणून लागणारी ती शांतता आहे. रस्त्यावर करता येण्याजोग्या बदलांपैकी रंग हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत झटपट होणारा बदल असल्यामुळे नगर प्रशासने तो सढळ हाताने वापरतात. माझे म्हणणे असे आहे की तो दुर्मीळ वस्तूसारखा, मोजूनमापून खर्च केला पाहिजे, आणि प्रत्येक ठिकाणी तो कोणासाठी व कोणते काम करण्यासाठी खर्च होत आहे याचे उत्तर आधी दिले गेले पाहिजे.

जमिनीवरचा रंग ही आधुनिक कल्पना नाही. इटलीतील सिएना शहराच्या मुख्य चौकात, पियात्सा देल काम्पोमध्ये, चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात लाल विटांची फरसबंदी झाली आणि ट्रॅव्हर्टाइन दगडाच्या फिकट रेषांनी तिचे नऊ भाग पाडले गेले. हे नऊ भाग त्या वेळी शहरावर राज्य करणाऱ्या नऊ जणांच्या मंडळाचे चिन्ह मानले जातात, आणि त्याच रेषा उतरत्या चौकातल्या सर्वांत खोलगट जागेकडे, पावसाचे पाणी जेथे निघून जाते त्या जागेकडे, एकत्र येतात. म्हणजे एकच रेषा राज्यव्यवस्था सांगते, उतार दाखवते आणि पाण्याची दिशाही सांगते. लिस्बनच्या रोसिओ चौकात १८४८-४९ मध्ये पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या दगडाच्या लहान लहान चिऱ्यांनी समुद्राच्या लाटा साकारल्या गेल्या. पुढे अटलांटिक ओलांडून गेलेल्या याच लाटा रिओ द जानेरोच्या कोपाकबाना किनाऱ्यावर पोहोचल्या आणि १९७० च्या सुमारास रॉबर्टो बर्ले मार्क्स यांनी त्या किनाऱ्याच्या नव्या रचनेत त्यांना अधिक मोठा, मोकळा आकार दिला. या तिन्ही उदाहरणांत रंग जमिनीवर लावलेला नाही, तो जमिनीचा आहे. दगड झिजला तरी त्याच्या आतही तोच रंग असतो. रंगाचा डबा उघडून एका रात्रीत चौक बदलण्याची सोय आपल्याला आता मिळाली आहे, पण त्याबरोबर एक जबाबदारीही आली आहे: जे दगडाच्या बाबतीत खर्चामुळे आणि श्रमामुळे आपोआप घडत असे, ते विचारपूर्वक निवड करण्याचे काम आता आपल्याला मुद्दाम करावे लागते.

रस्त्यावरचा रंग मुख्यतः दोन प्रकारची कामे करतो. एक काम सूचनेचे: येथून सायकल जाईल, येथे बस थांबेल, येथे पायी चालणाऱ्याचा हक्क आहे. दुसरे काम जागेला व्यक्तिमत्त्व देण्याचे: ही जागा थांबण्याची, बसण्याची, खेळण्याची आहे. दोन्ही कामे योग्य आहेत, पण त्यांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. सूचना देणारा रंग सगळीकडे सारखा, ओळखीचा, थोडासा कंटाळवाणाच असला पाहिजे. व्यक्तिमत्त्व देणारा रंग त्या जागेपुरता वेगळा असला पाहिजे. पहिल्याला दुसऱ्याचे कपडे घातले की घोटाळा सुरू होतो.

सूचनेच्या रंगाचे सर्वांत यशस्वी उदाहरण म्हणून नेदरलँड्समधील लाल सायकलमार्गांकडे पाहता येते. तेथे लाल रंगाला कायद्याने दिलेला स्वतंत्र अर्थ नाही. केवळ सातत्याने तो अर्थ रुजवला आहे. गावागावांत, शहराशहरांत सायकलची वाट लालच दिसते, त्यामुळे लाल जमीन दिसताच चालकाच्या मनात विचार करण्यापूर्वीच सायकल उभी राहते. शिवाय हा लाल रंग बहुधा वरून फासलेला नसतो. डांबराच्या वरच्या थरात लोहाचे ऑक्साइड हे रंगद्रव्य मिसळलेले असते, काही वेळा खडीही लालसर निवडलेली असते, त्यामुळे थर झिजला तरी रंग टिकतो आणि पृष्ठभागाचा खरखरीतपणा कमी होत नाही. जेथे मोटारी आणि सायकली एकाच रस्त्यावरून जातात पण अग्रक्रम सायकलचा असतो, अशा रस्त्यांवर पूर्ण रस्ताच लाल करून ‘मोटार येथे पाहुणी’ अशी पाटी लावली जाते. तेथे रंगाने मालकी सांगितली आहे आणि रस्त्याच्या रुंदीने, वळणांनी, वेगमर्यादेने ती खरी करून दाखवली आहे.

याच्या शेजारी लंडनचा अनुभव ठेवून पाहावा. २०१० मध्ये तेथे सायकलचे ‘महामार्ग’ सुरू झाले आणि त्यांना गडद निळा रंग देण्यात आला, जो योजनेच्या प्रायोजक बँकेच्या ओळखीचा रंग होता. सुरुवातीच्या मार्गांच्या मोठ्या भागात सायकलस्वार आणि अवजड वाहने यांच्यामध्ये रंगाखेरीज काहीही नव्हते. काही ठिकाणी तर निळी पट्टी कायदेशीर अर्थाने राखीव मार्गिकाही नव्हती; तिच्यावरून ट्रक नेणे हा गुन्हा ठरत नव्हता. २०१३ मध्ये अशाच एका मार्गावर झालेल्या दोन सायकलस्वारांच्या मृत्यूंची चौकशी झाली तेव्हा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी या निळ्या पट्ट्यांवरच बोट ठेवले. पुढे त्या मार्गाची पुनर्रचना झाली आणि अनेक ठिकाणी रंगाच्या जागी दगडी कडा असलेली स्वतंत्र वाट आली. रंगाने वचन दिले होते. ते पाळण्याची ताकद कडेच्या दगडात होती. रंगाचा पट्टा आखल्याने आपण काहीतरी केले असे समाधान प्रशासनाला मिळते आणि आपण सुरक्षित आहोत असा समज सायकलस्वाराला होतो, तेव्हा हा स्वस्त उपाय नुसताच अपुरा राहत नाही, धोकादायक ठरतो.

आता डोळ्यांकडे वळू. रंगीत आराखडे दिवसाउजेडी, चांगल्या कागदावर किंवा उजळ पडद्यावर मंजूर होतात आणि बहुधा निरोगी डोळ्यांच्या माणसांकडून होतात. रस्ता मात्र रात्री आणि पावसातही असतो. एकोणिसाव्या शतकात चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी नोंदवले होते की उजेड कमी होऊ लागला की लाल रंग निळ्यापेक्षा लवकर काळवंडतो. दुपारी झळकणारे लाल फूल संध्याकाळी काळपट दिसते आणि निळे त्या मानाने उजळ. डोळ्यातील उजेडात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशींकडून मंद प्रकाशात पाहणाऱ्या दंडपेशींकडे काम सरकते त्याचा हा परिणाम आहे. म्हणजे दिवसा सर्वांत आक्रमक असलेला लाल पट्टा नेमका संधिप्रकाशात, जेव्हा त्याची गरज वाढते तेव्हा, डांबरात विरघळू लागतो. कमी दाबाच्या सोडियम दिव्यांचा प्रकाश तर जवळजवळ एकाच, सुमारे ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो आणि त्याच्या पिवळ्या उजेडात सगळे रंग पिवळसर-तपकिरी छटांमध्ये कोसळतात. एलईडी दिव्यांनी ही अडचण बरीच कमी केली आहे, पण ओल्या रस्त्यावर पडलेले प्रकाशाचे चकाकते प्रतिबिंब रंगाला झाकून टाकते ते तसेच आहे.

यात दृष्टिदोषांची भर घालावी लागते. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये सुमारे ८ टक्के जणांना लाल आणि हिरवा यांतला फरक कमी-अधिक प्रमाणात जाणवत नाही. स्त्रियांमध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. त्यांपैकी लाल रंगाची संवेदना क्षीण असलेल्यांना गडद लाल पट्टा काळ्या डांबरावर जवळपास दिसतच नाही. म्हणून ज्यांनी या विषयाचा खोलवर विचार केला आहे ते रंगाच्या नावापेक्षा उजळपणातील फरकाला अधिक महत्त्व देतात: शेजारच्या पृष्ठभागापेक्षा तो किती फिका किंवा गडद आहे, हा खरा प्रश्न. झेब्रा क्रॉसिंगचा इतिहास हेच सांगतो. ब्रिटनमध्ये १९४९ पासून निळ्या-पिवळ्यासह वेगवेगळ्या पट्ट्यांचे प्रयोग झाले आणि १९५१ मध्ये अधिकृत झाले ते काळे-पांढरे पट्टे. आधीच्या काळात क्रॉसिंगची हद्द जमिनीत ठोकलेल्या धातूच्या टिकल्यांनी दाखवली जात असे आणि त्या चालकाला दुरून दिसत नसत. रंगांच्या शर्यतीत शेवटी रंगहीन जोडी जिंकली, कारण तिच्यातला विरोध कोणत्याही उजेडात आणि बहुतेक सर्व डोळ्यांना दिसतो.

मला वाटते, या संपूर्ण विषयातली सर्वांत सूक्ष्म आणि सर्वांत उपेक्षित गोष्ट म्हणजे स्पर्शफरशीचा पिवळा रंग. जपानी संशोधक सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये उंचवटे असलेली ही फरशी तयार केली आणि १९६७ च्या मार्चमध्ये ओकायामा शहरात, अंधशाळेजवळच्या एका क्रॉसिंगवर ती प्रथम बसवली गेली. पायाला आणि काठीला कळावी म्हणून घडवलेल्या फरशीला रंगाची गरज काय, असे कोणालाही वाटेल. पण दृष्टिहीन म्हणून नोंद असलेल्या माणसांपैकी पूर्ण अंधार अनुभवणारे थोडे असतात. बहुतेकांना प्रकाश, आकार, मोठे रंगीत भाग धूसर का होईना दिसतात, आणि त्यांच्यासाठी करड्या पदपथावरची पिवळी रेष हा धागा असतो, जो धरून ते पुढे जातात. ब्रिटनमध्ये तर या फरशीच्या रंगालाही व्याकरण दिलेले आहे: सिग्नलवर किंवा झेब्रापाशी, म्हणजे जेथे वाहनांना थांबावे लागते अशा क्रॉसिंगजवळ लाल फरशी आणि इतरत्र फिकट पिवळसर. असे असूनही नव्या, देखण्या चौकांमध्ये ही फरशी आजूबाजूच्या ग्रॅनाइटशी जुळणाऱ्या करड्या रंगात बसवण्याचा मोह वास्तुरचनाकारांना आवरत नाही, कारण पिवळी रेष त्यांच्या छायाचित्रात खुपते. जी रेष खुपण्यासाठीच आहे ती खुपते म्हणून पुसणे, याला मी सौंदर्यदृष्टी म्हणणार नाही. विनोद असा की त्याच आराखड्यात दुसरीकडे रस्ताभर सात रंगांची भित्तिचित्रे जमिनीवर उतरलेली असतात. म्हणजे जेथे एका माणसाला रंगाची निकड आहे तेथे तो नाही आणि जेथे कोणालाच निकड नाही तेथे तो ओसंडून वाहतो.

रंगीत क्रॉसिंगवरच्या चित्रांचा वाद याच्याशी जोडलेला आहे. या चित्रांच्या बाजूने सर्वाधिक सांगितला जाणारा पुरावा म्हणजे ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज या अमेरिकी दानसंस्थेने सॅम श्वार्ट्झ या सल्लागार संस्थेकडून करवून घेतलेला २०२२ चा अभ्यास. त्यात डांबरावर चित्रे रंगवलेल्या १७ ठिकाणांच्या अपघातांच्या नोंदी तपासल्या गेल्या, आणि पादचारी, सायकलस्वार अशा असुरक्षित लोकांचा समावेश असलेले अपघात ५० टक्क्यांनी, तर इजा झालेले अपघात ३७ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. हे आकडे झटकून टाकता येणार नाहीत. पण ठिकाणे फक्त १७ आहेत, अभ्यास ज्यांनी करवून घेतला ते स्वतः अशा चित्रांना अनुदान देणारे आहेत, आणि अनेक ठिकाणी चित्राबरोबर वळणाची त्रिज्याही कमी केली जाते, पदपथाचा कोपराही पुढे काढला जातो, म्हणजे सुधारणेचे श्रेय नुसत्या रंगाला किती द्यायचे हे ठरवणे कठीण आहे. शिवाय नवलाईचा प्रश्न उरतोच. आइसलँडमधील इसाफ्योर्दुर या गावात २०१७ मध्ये पट्टे हवेत तरंगत असल्याचा भास निर्माण करणारे क्रॉसिंग रंगवले गेले आणि त्याची छायाचित्रे जगभर फिरली. पहिल्यांदा पाहणारा चालक नक्कीच दचकेल. दहाव्यांदा मात्र त्याला ठाऊक असेल की समोर दिसणारा अडथळा खोटा आहे. आणि रस्त्यावर दिसणारा अडथळा खोटा असू शकतो हे चालकाला शिकवणे मला अजिबात शहाणपणाचे वाटत नाही.

दुसऱ्या बाजूचा आक्षेप अपंगांच्या संघटनांकडून आला आहे आणि तो अधिक गांभीर्याने घेण्यासारखा आहे. दाट रंगांच्या ठिपक्यांमध्ये आणि नागमोडी आकारांमध्ये अल्पदृष्टीच्या माणसाला क्रॉसिंगची हद्द सापडत नाही. मार्गदर्शक कुत्र्यांना पट्ट्यांची सवय असते, चित्राची नसते. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांना जमिनीवरचा गडद आकार खड्ड्यासारखा किंवा पायरीसारखा भासू शकतो आणि ते जागच्या जागी थबकतात. लंडनमध्ये २०२१ साली अशा आक्षेपांनंतर तेथील वाहतूक यंत्रणेने आपल्या अखत्यारीतील नव्या रंगीत क्रॉसिंगचे काम थांबवले. या निर्णयावर काहींनी आनंदाचा शत्रू अशी टीका केली. मला मात्र त्यात साधा विवेक दिसतो: जेथे एका चुकीच्या पावलाची किंमत जीव असू शकते, तेथे चित्रकाराने आपली जागा सोडली तर कला काही थांबत नाही. ती दहा पावले मागे सरकून पदपथाच्या रुंद भागावर, भिंतीवर, चौकाच्या मधल्या मोकळ्या जागेत जाऊ शकते.

आणि तेथे ती जरूर जावी. सेंट गालेन या स्विस शहरात २००५ मध्ये पिपिलोटी रिस्ट आणि कार्लोस मार्टिनेझ यांनी कार्यालयांच्या एका रुक्ष परिसराची सारी जमीन लाल रबरी दाण्यांच्या थराने झाकली, इतकी की बाके, मेजे, एवढेच काय, एका मोटारीचा आकारही त्याच लाल गालिच्याखाली दडल्यासारखा दिसतो. तेथे रंग कोणतीही सूचना देत नाही, कोणाला फसवत नाही. तो फक्त म्हणतो की हा रस्ता नव्हे, दिवाणखाना आहे, आणि मोटारवालाही त्या दिवाणखान्यात शिरावे तसा अदबीने शिरतो. कोपनहेगनच्या सुपरकिलेन या २०१२ मधील उद्यानाचा लाल-गुलाबी चौकही अशाच कारणाने मनात राहतो. ज्या शहराने चौकातील निळ्या पट्ट्यांबाबत अतिरेकाचे तोटे पाहिले, त्याच शहरात रंगाचा असा अतिरेकही शोभतो, कारण त्याच्या आड वाहनांची वाट येत नाही. उधळपट्टीसाठी जागा निवडता आली तर काटकसरीचा हेतू अर्धा साधलाच.

उन्हाचा विचार गेल्या काही वर्षांत या चर्चेत नव्याने आला आहे. नवे डांबर सूर्यप्रकाशाचा दहावा हिस्साही परत फेकत नाही, बाकी सारा शोषून घेते, म्हणून फिकट लेप देऊन रस्ते थंड ठेवण्याचे प्रयोग सुरू झाले. अमेरिकेतील फिनिक्स शहराने २०२० मध्ये असा प्रयोग केला आणि ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने त्याची मोजमापे घेतली. दुपारी लेपाच्या पृष्ठभागाचे तापमान साध्या डांबरापेक्षा सुमारे ६ अंश सेल्सिअसने कमी भरले. पण त्याच रस्त्यावर उभ्या माणसाला जाणवणारा उष्णतेचा भार भर दुपारी सुमारे ३ अंशांनी वाढला होता, कारण जमिनीने नाकारलेली किरणे आकाशाकडे जाण्याआधी त्या माणसावर आदळत होती. रात्री हवेला लाभ होतो, दुपारी चालणाऱ्याला तोटा. तेव्हा फिकट रंग कोठे द्यायचा हे तेथे दुपारी कोण चालते यावर ठरले पाहिजे. ज्या पदपथावर माणसे चालतात तेथे झाडाच्या सावलीला रंग हा पर्याय नाही. याशिवाय पृष्ठभाग फिका झाला की त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांचा उठाव मावळतो, ही अडचण उष्णतेचा हिशेब करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

रंगाच्या द्रव्याबद्दलही दोन शब्द सांगणे भाग आहे. रस्त्यावरचे पट्टे बहुधा थर्मोप्लास्टिकचे, म्हणजे तापवून वितळवलेल्या आणि थंड होताच घट्ट होणाऱ्या प्लास्टिकचे असतात. त्यांच्यावर काचेचे बारीक मणी पेरलेले असतात, जे गाडीच्या दिव्याचा उजेड चालकाकडेच परत पाठवतात. या मण्यांमुळे आणि मिसळलेल्या खरखरीत कणांमुळे पट्टा उपयोगी राहतो. ते झिजले की तोच पट्टा पावसात काचेसारखा गुळगुळीत होतो. चारचाकीला त्याचे काही वाटत नाही, पण दुचाकीस्वाराला वळणावर आणि काठी टेकत चालणाऱ्या वृद्धाला उतारावर फार वाटते. दगडही या दोषातून सुटलेला नाही. लिस्बनची ती सुंदर पांढरी चुनखडी पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी घासून पावसात निसरडी होते. पिवळ्या पट्ट्यांमध्ये पूर्वी शिशाचे क्रोमेट सर्रास वापरले जात असे, आणि झिजलेल्या पट्ट्यांचे कण शेवटी पाण्यातच जातात; आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ मधील अंदाजानुसार महासागरांत थेट शिरणाऱ्या सूक्ष्म प्लास्टिकपैकी ७ टक्के रस्त्यांवरच्या खुणांमधून येते. हा अंदाज थोडा खालीवर धरला तरी दरवर्षी नवे कोट देण्याची हौस फुकट नाही, एवढे त्यातून कळते.

मग रंगाचे योग्य स्थान कोणते? माझ्या मते रंग हा शहराचा कच्चा खर्डा म्हणून अतुलनीय आहे. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये २००९ मध्ये ब्रॉडवेचा काही भाग वाहनांसाठी बंद झाला तेव्हा प्रथम आल्या त्या साध्या खुर्च्या आणि रंगाचा एक हात. पुढच्याच वर्षी मॉली डिलवर्थ या चित्रकर्तीने तेथील जमिनीवर निळ्या छटांचे चित्र रंगवले, ज्याचा आधार मॅनहॅटनच्या उष्णतेचा उपग्रहाने टिपलेला नकाशा होता. लोक बसू लागले, मोजणी झाली, वाद झाले आणि मगच तेथे कायमची फरसबंदी करण्याचा निर्णय झाला. स्नोहेट्टा या रचनाकार संस्थेने ती केली तेव्हा रंग जवळजवळ नाहीसा झाला: दोन करड्या छटांच्या काँक्रीटच्या लाद्या आणि त्यांत बसवलेल्या पोलादाच्या लहान चकत्या, ज्या वरच्या जाहिरातींचा उजेड झेलतात. मिलानने २०१८ पासून याच पद्धतीने अनेक चौक आधी रंगवून पाहिले. बार्सिलोनाने २०२० मध्ये महामारीच्या काळात रस्त्यांवर पिवळ्या आकृत्या आणि काँक्रीटचे ठोकळे मांडून पदपथ रुंद केले, त्यावर कुरूपतेची भरपूर टीकाही ओढवून घेतली. पण २०२३ मध्ये कॉन्सेल दे सेंट हा रस्ता पूर्ण झाला तेव्हा त्यात झाडे होती, एका पातळीची दगडी जमीन होती, आणि पिवळ्या आकृत्यांचा मागमूस नव्हता. खर्डा जर चांगला असेल तर पक्क्या प्रतीत त्याची शाई दिसत नाही. चिंता त्या शहरांची वाटते जेथे खर्डाच पक्की प्रत म्हणून वर्षानुवर्षे ठेवला जातो: रंग उडतो, कुंड्या फुटतात, मोटारी हळूहळू परत येतात, आणि हे असले काही चालत नसते असा निष्कर्ष काढायला विरोधकांना आयता पुरावा मिळतो.

एका रात्रीत जे येते ते एका रात्रीत जाऊही शकते, हे रंगाचे राजकीय वैशिष्ट्यही ध्यानात ठेवायला हवे. अमेरिकेतील ओर्लांडो शहरात समलिंगी समुदायाच्या नाइटक्लबमध्ये २०१६ साली झालेल्या हत्याकांडातील मृतांच्या स्मरणार्थ इंद्रधनुष्यी रंगांत रंगवलेले क्रॉसिंग फ्लोरिडा राज्याच्या यंत्रणेने ऑगस्ट २०२५ मध्ये रातोरात पुसले. मी वर मांडलेल्या काटकसरीच्या भूमिकेचा आधार अशा कृतीला घेता येईल, याची मला जाणीव आहे, म्हणून हे स्पष्ट करतो की सुरक्षिततेचा आक्षेप खरा असेल तर तो दिवसाढवळ्या, मोजमापांसह, त्या जागेशी नाते असलेल्यांसमोर मांडला जातो. अंधारात रंगाचा डबा घेऊन येणाऱ्याला सुरक्षिततेची काळजी आहे, यावर विश्वास ठेवणे जड जाते. स्मृतीच्या दृष्टीनेही मला वाटते की जे जपायचे आहे ते डांबरावर ठेवू नये. त्याला दगड द्यावा, धातू द्यावा, जेणेकरून तो उखडायला आलेल्याला छिन्नी घेऊन यावे लागेल.

प्रशासनांकडून नेमके काय मागावे, याबद्दल माझी अपेक्षा अगदी साधी आहे. रस्ता किंवा चौक रंगवण्याचा प्रत्येक प्रस्ताव मंजुरीसाठी येताना त्याच्याबरोबर त्याच जागेची आणखी तीन चित्रे जोडलेली असावीत. पहिल्यातून सारे रंग काढून फक्त करड्या छटा ठेवाव्यात आणि क्रॉसिंगची कड, सायकलची वाट, स्पर्शफरशीची रेष तरीही ओळखू येते का ते पाहावे. दुसरे पावसाळी रात्रीचे असावे, तेथे प्रत्यक्ष असलेल्या दिव्यांच्या उजेडातले, आणि त्याला ओल्या पृष्ठभागाच्या घर्षणाचे मोजमाप जोडलेले असावे. तिसरे पाच वर्षांनंतरचे असावे: रंग निम्मा झिजलेला, जलवाहिनीसाठी मधोमध चर खणून काळ्या डांबराने बुजवलेला, एका कोपऱ्यावरचा पट्टा घाईत वेगळ्याच छटेत पुन्हा रंगवलेला. या तिसऱ्या चित्रातही चौक वाचता येत असेल, तर रंगाऱ्याला बोलवायला हरकत नाही.